आधी कापू, मग मोजू

आमच्या नरखेड तालुक्यात वर्षाला दोन बहार येतात. एक आंबिया, दुसरा मृग. हे दोन शब्द ज्याला ठाऊक नाहीत त्याने संत्रं खुशाल खावं, पण संत्र्यावर बोलू नये. मात्र बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला आणखी दोन बहार ठाऊक असतात. एक एप्रिलात येतो, त्याचं नाव पंधरा-एच. दुसरा नोव्हेंबरात, त्याचं नाव हयातीचा दाखला. या दोन बहारांत तालुक्यातली सगळी वडीलधारी मंडळी काठ्या टेकत आमच्या शाखेत येतात. मोवाडहून येतात, जलालखेड्याहून येतात, सावरगावहून एसटीत उभं राहून येतात. नोव्हेंबरात 'आम्ही जिवंत आहोत' असं लिहून देतात आणि एप्रिलात 'आमच्याकडे कर लागण्यासारखं काही नाही' असं लिहून देतात. मला कधीकधी वाटतं, कागद वाचवायला दोन्ही मजकूर एकत्र करावेत : 'आम्ही जिवंत आहोत, पण त्यात सरकारचा काही फायदा नाही.'

ज्यांच्या घरात अजून कुणाला साठ पूर्ण झालेली नाहीत अशा भाग्यवंतांसाठी पंधरा-एच म्हणजे काय ते सांगतो. म्हाताऱ्या माणसाने मुदत ठेव ठेवली की तिच्यावर व्याज मिळतं. व्याज मिळालं म्हणजे उत्पन्न झालं. उत्पन्न झालं म्हणजे कर असणारच, असं सरकार धरून चालतं आणि व्याज एका रकमेच्या वर गेलं की त्यातले दहा टक्के आधीच कापून ठेवायला बँकेला सांगतं. ज्येष्ठांसाठी ही रक्कम २०१८ पासून ५० हजार होती, १ एप्रिल २०२५ पासून ती १ लाख झाली. आता त्या माणसाला कर लागतच नसेल तर? तर त्याने दरवर्षी, न विसरता, प्रत्येक बँकेत वेगवेगळं लिहून द्यायचं की बाबांनो, मला कर लागत नाही, कापू नका. हा तो पंधरा-एच. विसरला, की कापले. कापलेले परत हवेत? मिळतील की! वर्ष संपू द्या, रिटर्न भरा, मागा, वाट पाहा.

१९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले, हे मला माहीत आहे. तरी मी इथं जुनीच नावं वापरतो आहे, कारण आमच्या रांगेत अजून तीच चालतात. नव्या कायद्याने एक काम मात्र चांगलं केलं. पूर्वी 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' अशी दोन वर्षं असत आणि फॉर्मावर नेमकं कुठलं लिहायचं यावर आमच्या बाकड्यावर नवरा-बायकोची भांडणं होत. आता एकच 'कर वर्ष' आहे. भांडायला दुसरे विषय आहेतच.

तर सांगायचा मुद्दा असा. नरखेडच्या बाजारात कुठल्याही शिंप्याकडे जा. तो आधी मोजतो, मग कापतो. आधी कापून मग मोजायला बसणारा शिंपी दोन आठवडी बाजार टिकायचा नाही. आयकराचं दुकान मात्र आपल्या देशात १८६० सालापासून चालू आहे. ते जेम्स विल्सन नावाच्या साहेबाने उघडलं आणि त्याच वर्षी कलकत्त्यात तो बिचारा वारला. पेन्शन घेण्याची वेळच त्याच्यावर आली नाही. नाहीतर कायद्यात काहीतरी दयेचा शब्द राहून गेला असता.

आमच्या रांगेचे पुढारी म्हणजे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. मला गणित त्यांनीच शिकवलं. त्यामुळे माझ्या हिशेबात चूक निघाली की ते मॅनेजरकडे तक्रार करत नाहीत, मलाच 'उभा राहा' म्हणतात. काउंटरमागे मी उभाच असतो, हा त्यातला तपशिलाचा भाग.

२०२२-२३ चा हिशेब करताना गुरुजी असेच चष्मा कपाळावर ढकलून आले आणि म्हणाले, "हे गणित कोणत्या इयत्तेचं आहे रे?"

गणित असं होतं. वर्षाची पेन्शन ५ लाख ४० हजार. त्यातून सरसकट वजावट ५० हजार, राहिले ४ लाख ९० हजार. ठेवींचं व्याज ८० हजार, त्यातले ज्येष्ठांना माफ ५० हजार, राहिले ३० हजार. एकूण ५ लाख २० हजार. जुन्या करपद्धतीत ५ लाखांपर्यंत सूट मिळून कर शून्य होतो. पण ५ लाखांच्या वर एक रुपया गेला की सूट संपूर्ण जाते आणि कर ३ लाखांपासून मोजायला सुरुवात होते. म्हणजे गुरुजींचा कर, उपकरासकट, १४ हजार ५६०.

"म्हणजे," गुरुजी म्हणाले, "वीस हजार जास्त मिळाले म्हणून साडेचौदा हजार द्यायचे. माझ्या वाट्याला पाच हजार चारशे चाळीस. बरोबर?"

"बरोबर, गुरुजी."

"आणि हे वीस हजार जास्त आले कुठून? महागाई वाढली म्हणून सरकारने महागाई वाढ दिली. वाढ दिली म्हणून मी पाच लाखांच्या वर गेलो. वर गेलो म्हणून वाढ काढून घेतली. महागाई मात्र माझ्याकडेच ठेवली. बरोबर?"

बरोबर होतं. मी घाईघाईने उपाय सांगितला की गुरुजी, वीस हजार पीपीएफमध्ये टाकले असते तर हे वाचलं असतं. गुरुजींनी विचारलं, ते किती वर्षांनी मिळतात? मी म्हटलं, पंधरा. गुरुजी तेव्हा चौऱ्याहत्तरचे होते. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी खाली उतरलो : पाच वर्षांची करबचत ठेव आहे, फक्त ती मध्ये मोडता येत नाही. गुरुजी म्हणाले, "म्हणजे कर वाचवायला आधी मी पाच वर्षं वाचलो पाहिजे." मी 'उभा राहा' म्हणायच्या आधीच उभा होतो.

गुरुजी दरवर्षी १७ डिसेंबरला पेन्शनरांच्या मेळाव्यात भाषण करतात. १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन. १९८२ साली याच तारखेला नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पेन्शन ही सरकारने खुशीने दिलेली बक्षिशी नव्हे, मालकाच्या मर्जीची गोष्ट नव्हे, तो केलेल्या नोकरीचा हक्क आहे. पाच न्यायमूर्तींचं पीठ होतं आणि त्याच्या अध्यक्षस्थानी आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. हा भाग आला की गुरुजींचा आवाज चढतो आणि मागच्या रांगेत डुलक्या घेणारेही टाळ्या वाजवतात. मला मात्र तिथंच धाकधूक होते. कारण पेन्शन म्हणजे दान नव्हे, ती मागाहून मिळणारी मजुरीच, असं एकदा म्हटलं की आयकरवाला दाराआडून म्हणतो, आम्ही १९६१ पासून दुसरं काय म्हणत होतो? मजुरी ना? मग पगार. पगार ना? मग कर. आपल्या सन्मानाचं जे वाक्य तेच त्याच्या वसुलीचं वाक्य.

आता पगार म्हणजे पगार, हेही मान्य. पण मग सगळीकडे पगार हवा की नको? गुरुजी नोकरीत होते तेव्हा महाराष्ट्र सरकार त्यांच्या पगारातून व्यवसाय कर कापायचं. महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. निवृत्त झाल्यावर तो थांबला, कारण मुंबईच्या मते आता त्यांना व्यवसायच उरला नाही. दिल्लीच्या मते मात्र ते अजून पगारदार आहेत. म्हणजे एकच माणूस मुंबईकडून पाहिला तर रिकामा आणि दिल्लीकडून पाहिला तर नोकरीवर. आमच्या गुरुपत्नी या बाबतीत मुंबईच्या मताच्या आहेत.

पगारदार असो की पेन्शनर, सरसकट वजावट हा एक दिलासा असतो. तिचीही कथा ऐकण्यासारखी आहे. ती १९७४ साली आली, तेव्हा अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण होते. २००५ च्या अर्थसंकल्पाने ती काढली. २०१८ साली ती परत आली आणि पेन्शनरांना ती मिळते की नाही याचा खुलासा वेगळा करावा लागला. मिळते असं ठरलं. आज नव्या पद्धतीत ती ७५ हजार आहे. हे मी सांगतोय ते आजींच्या गोष्टीसाठी, कारण आजींना ती मिळत नाही.

आजी आमच्या जुन्या खातेदार. नवरा जिल्हा परिषदेत कारकून होता. तो गेला, आणि आजींना महिन्याला अठरा हजार कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. कायद्यात उत्पन्नाचे पाच डबे आहेत : पगार, घरभाडं, धंदा, भांडवली नफा, आणि या चारांत जे बसत नाही ते 'इतर स्रोत'. नवऱ्याची पेन्शन 'पगार' या डब्यात. नवरा वारला की तीच पेन्शन, तीही कमी होऊन, 'इतर स्रोत' या डब्यात. या डब्यात आणखी कोण बसलेलं असतं ते पाहा. लॉटरी, शब्दकोड्यांची बक्षिसं, घोड्यांच्या शर्यती, पत्त्यांचा जुगार. जिने चाळीस वर्षं डबा भरून दिला, ती बाई त्याच्या मागे रेसच्या घोड्याशेजारी जाऊन बसली. खासदारांचं वेतनही याच डब्यात असतं हे खरं, पण आजींना त्याने विशेष दिलासा मिळाला असं दिसलं नाही.

डबा बदलला की वजावट बदलते. नवरा जिवंत असता तर २०२४-२५ पासून नव्या पद्धतीत ७५ हजारांची वजावट. तो नाही म्हणून बायकोला एक तृतीयांश किंवा २५ हजार, यातली कमी असेल ती. त्याच्या आधी तर ही कमाल १५ हजारच होती. म्हणजे पेन्शन कमी आणि वजावटही कमी. हा हिशेब ज्याने बसवला त्याला विधवेचा खर्च सधवेपेक्षा कमी असतो असं वाटत असावं. एका बांगडीचा वाचत असेल. डाळ-तांदूळ, वीजबिल आणि गुडघे तेच राहतात.

गुडघ्यांवरून आठवलं. आजींना २०२३ च्या मार्चमध्ये मुलाने पुण्याला नेलं आणि गुडघ्याचं ऑपरेशन केलं. आजी परत आल्या त्या २०२४ च्या जानेवारीत. येऊन पासबुक भरून घेतलं आणि काउंटरवर ठेवलं.

"बापू, व्याज कमी काहून आलं?"

आजींची नऊ लाखांची ठेव, साडेसात टक्क्यांनी. नवऱ्याची ग्रॅच्युइटी आणि आयुष्यभराची शिल्लक. दर तिमाहीला १६ हजार ८७५ व्याज. वर्षाचं ६७ हजार ५००, म्हणजे तेव्हाच्या ५० हजारांच्या वर. एप्रिलात आजी पुण्याला वॉकर धरून दहा पावलं चालत होत्या, त्यामुळे पंधरा-एच द्यायचं राहिलं. तीन तिमाह्यांत पाच हजार चौसष्ट रुपये कापले गेले होते. आणि आजींचा कर किती? कुटुंब निवृत्तिवेतन २ लाख १६ हजार, वजा १५ हजार, अधिक व्याज ६७ हजार ५००. एकूण २ लाख ६८ हजार ५००. तीन लाखांपर्यंत कर नाही. कर शून्य.

मी म्हटलं, "आजी, टीडीएस कापला."

"कोनं कापला? तू?"

"मी नाही आजी. कॉम्प्युटरनं."

"मंग त्यालेच सांग, परत कर म्हना."

हे इतकं सरळ उत्तर होतं की त्याला नियमात जागाच नव्हती. बँकेने कापून सरकारकडे भरलेला पैसा बँकेला परत देता येत नाही. मी समजावून सांगितलं की आजी, जुलैपर्यंत रिटर्न भरा, पैसे मिळतील. आजी म्हणाल्या, "मले कर लागतच नाई मनतेस ना?" मी म्हटलं, नाही. "मंग ज्याले कर नाई त्याच्यापासून घेतला कायले?" रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे पाहू लागली. मी बी.कॉम. आहे. परीक्षेत हा प्रश्न आला नव्हता.

ते पाच हजार आजींनी पावसाळ्यापूर्वी स्वयंपाकघरावरची चार पत्रं बदलायला धरले होते. तुम्ही म्हणाल, नऊ लाखांची ठेव आहे, त्यातून काढावेत. तुम्ही या पिढीला ओळखत नाही. व्याज खर्चायचं, ठेव मोडायची नाही. ठेव मोडणं म्हणजे घर फुटणं. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत ठेव मोडायला आलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. ती फॉर्मावर सही करतात तेव्हा कुणी त्यांच्याकडे पाहू नये असं त्यांना वाटत असतं.

तर रिटर्न. स्टँडजवळच्या दुकानात एक पोरगा पाचशे रुपयांत रिटर्न भरून देतो. मी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आजींबरोबर गेलो. पोरग्याने सगळं भरलं आणि ओटीपी मागितला. ओटीपी पुण्याला मुलाच्या मोबाइलवर गेला. मुलगा मीटिंगमध्ये होता. मीटिंग संपली तेव्हा ओटीपी संपला होता. दुसरा मागितला, तो आला तेव्हा मुलगा लिफ्टमध्ये. तिसऱ्या वेळी नरखेडची वीज गेली. चौथ्या खेपेला मुलाने आकडे सांगितले, पण ते आजींच्या फोनवरून, आणि आजी ते मोठ्याने म्हणत गेल्या तेव्हा दुकानातल्या झेरॉक्सला आलेल्या दोघांनीही ते लिहून घेतले असावेत. रिटर्न गेलं. पैसे सप्टेंबरात आले. ५ हजार ६० आणि वर दीडशे रुपये व्याज. पाऊस संपला होता. त्या पावसाळ्यात आजी ओसरीवर चूल मांडून राहिल्या. आणि ते जे दीडशे रुपये व्याज सरकारने उदार मनाने दिलं तेही उत्पन्नच, पुढच्या वर्षी दाखवायचं. डबा? 'इतर स्रोत'.

ही गोष्ट मी आमच्या बाकड्यावर सांगितली तेव्हा एक निवृत्त इंजिनियर काका तिथं होते. त्यांची मुलगी अमेरिकेत, शिकागोजवळ. सहा महिने राहून आल्यापासून काका कुठल्याही विषयाची सुरुवात 'तिकडे' या शब्दाने करतात. म्हणाले, "तिकडे दोन आयकर असतात. एक केंद्राचा, एक राज्याचा. पण इलिनॉय राज्य पेन्शनला हात लावत नाही. पगारावर घेतं, पेन्शनवर नाही. पेनसिल्व्हेनियातही तसंच. केंद्र मात्र घेतं. म्हाताऱ्यांच्या सोशल सिक्युरिटीवरसुद्धा १९८४ पासून घेतं."

गुरुजी म्हणाले, "म्हणजे तिकडे राज्याला लाज आहे, केंद्राला नाही. आपल्याकडे काय आहे?"

आपल्याकडे काय आहे ते मी सांगतो, कारण इथंच आमच्या तालुक्याचा संबंध येतो. आपल्या घटनेने आयकराचे दोन तुकडे केले. शेतीखेरीज बाकी सगळ्या उत्पन्नावर कर घ्यायचा हक्क केंद्राचा. शेतीच्या उत्पन्नावर घ्यायचा हक्क राज्याचा. त्यामुळे पेन्शन दिल्लीच्या वाट्याला गेली आणि संत्री मुंबईच्या वाट्याला. दिल्ली घेते. मुंबई घेत नाही.

शेतकऱ्यावर कर लावा असं मी म्हणतो आहे असं कृपा करून समजू नका. मला याच तालुक्यात राहायचं आहे. आणि ज्याच्या चार एकर बागेला एका वर्षी डिंक्या, दुसऱ्या वर्षी कोळशी आणि तिसऱ्या वर्षी गळती लागते, त्याच्याकडे कर मागायला जाणाऱ्या माणसाने परतीचं तिकीट आधी काढून ठेवावं. माझा राग आहे तो दुसऱ्याच बागायतदारावर. तो नागपुरात राहतो. त्याची डॉक्टरी चालते, किंवा ठेकेदारी. त्याने आमच्याकडे दहा एकर घेतले. त्याच्या बागेला कोळशी लागत नाही. गारपीट बांधावरून वळून शेजाऱ्याकडे जाते. आंबिया आणि मृग दोन्ही बहार एकाच वर्षी एकाच झाडाला लागतात. शेजारच्या बागेत व्यापारी 'माल बारीक आहे' म्हणून भाव पाडतो, याच्या कागदावरच्या संत्र्याला मात्र सोन्याचा भाव. झाडाला इतकी फळं लागतात की खरोखर लागली असती तर झाड मुळासकट उपटलं असतं. हा माणूस वर्षाला लाखोंचं शेतीचं उत्पन्न दाखवतो, करमुक्त, आणि गुरुजी २० हजारांसाठी १४ हजार ५६० भरतात. दोघंही आमच्याच काउंटरवर येतात. डॉक्टरांसाठी चहा मागवला जातो.

आणि या सगळ्याला दिव्याखालचा अंधार म्हणायचं तर दिवाही आमच्याच जिल्ह्यात आहे. देशभरातल्या आयकर अधिकाऱ्यांना जिथे शिकवून तयार करतात ती राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी नागपूरलाच, छिंदवाडा रोडवर, १९५७ पासून. म्हणजे नागपूर जिल्ह्यात दोन गोष्टी उत्तम पिकतात, संत्री आणि आयकर अधिकारी. माझी एक नम्र सूचना आहे. या तरुण अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमात एक दिवस नरखेडची सहल ठेवावी. सकाळी डॉक्टरसाहेबांच्या बागेत फळं मोजायला न्यावं आणि दुपारी आजींचा ओटीपी लावून द्यायला बसवावं. जेवण मी देतो.

आता एक आक्षेप येणार, आणि तो माझ्याच मॅनेजरसाहेबांनी घेतला. म्हणाले, तू उगाच रडतोस. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य केला, पेन्शनरला वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. आता तुझ्या रांगेतल्या कुणालाच कर लागत नाही. तुझा लेख जुना झाला.

लेख जुना झाला असता तर मला आनंदच झाला असता. गुरुजींचा कर खरंच गेला, त्यांनी मला पेढा दिला, अर्धा. नव्या पद्धतीत वय नावाची गोष्टच नाही, पंचविशीचा आणि पंच्याऐंशीचा दोघंही एकाच ओळीत, व्याजावरची आणि औषधपाण्यावरची ज्येष्ठांची वजावटही गेली, हे मी त्यांना पेढा खाऊन झाल्यावर सांगितलं. पण साहेबांच्या बोलण्यातच माझं उत्तर आहे. रांगेतल्या कुणालाच कर लागत नसेल, तर रांग कशाला? पूर्वी शंभरातल्या काहींना लागत होता म्हणून सगळ्यांचं कापत होता. आता जवळजवळ कुणालाच लागत नाही, तरी ज्याचं व्याज लाखाच्या वर गेलं आणि कागद द्यायचा राहिला त्याचं कापायचं आणि म्हातारा मागायला येतो का ते पाहायचं. सगळे येत नाहीत. कुणाला कळत नाही, कुणाला स्टँडजवळच्या पोरग्यापर्यंत चालवत नाही, कुणी मुलाला तेवढ्यासाठी फोन करायला संकोचतो. आणि कुणी मध्येच हयातीच्या दाखल्याच्या पलीकडे निघून जातो. ज्याचा एक पैसाही सरकारला देणं लागत नव्हतं त्याचा पैसा सरकारकडे राहतो. याला वसुली म्हणायचं की काय म्हणायचं, हे ज्याने त्याने आपल्या घरी ठरवावं. आमच्या घरी मी हा शब्द मुलांसमोर उच्चारत नाही.

आणि हे सगळं अवघड आहे म्हणून असं चालतं, असंही नाही. २०२१ साली सरकारने स्वतःच एक नियम केला. ज्याला पंच्याहत्तर पूर्ण झाली, ज्याचं उत्पन्न पेन्शन आणि व्याज एवढंच आहे आणि दोन्ही एकाच बँकेत आहेत, त्याने बँकेला एकदा लिहून द्यायचं. बँक सगळा हिशेब करील, वजावटी देईल, सूट देईल, कर निघाला तर तेवढाच कापील. त्याने रिटर्न भरायचं नाही. म्हणजे आधी मोजू, मग कापू. शिंप्याची अक्कल सरकारलाही आहे, फक्त ती पंच्याहत्तरीला येते. माझा प्रश्न एवढाच आहे की जी बँक पंच्याहत्तरीच्या माणसाचा हिशेब करू शकते तिला साठीच्या माणसाचा का करता येत नाही? पेन्शन आमच्याच खात्यात येते. व्याज आम्हीच देतो. पॅन आमच्याकडे आहे, वय आमच्याकडे आहे, ठेव आमच्याकडे आहे. बेरीज करायला जे लागतं ते सगळं कॉम्प्युटरच्या पोटात आहे आणि तो कापताना ते वापरत नाही. साठीपासून हा नियम लावा. काम वाढलं तर माझं वाढेल. मी कारकून आहे, काम वाढवून मागणारा कारकून तुम्ही याआधी पाहिला नसेल. नीट पाहून घ्या.

एकाच बँकेची अटही काढा. गुरुजींना २०२४ साली पंच्याहत्तर पूर्ण झाली तेव्हा मी मोठ्या उत्साहाने कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो होतो. पण गुरुजींची पेन्शन आमच्याकडे आणि ज्येष्ठ नागरिक योजनेची ठेव पोस्टात. इथं त्यांचा एक विद्यार्थी, तिथं दुसरा. नियमात बसायचं तर एका विद्यार्थ्याकडची ठेव काढून दुसऱ्याकडे ठेवायला हवी. गुरुजी म्हणाले, "तो पोस्टवाला गणितात तुझ्यापेक्षा हुशार होता. त्याला वाईट वाटेल." कागद मी घडी करून परत आणला.

२०२५ च्या एप्रिलमध्ये, १ तारखेला आमचं हिशेबाचं दार बंद असतं म्हणून २ तारखेला, आजी सकाळी साडेनऊलाच पायरीवर बसलेल्या होत्या. शटर वर जाताच आत आल्या आणि पंधरा-एचच्या दोन प्रती काउंटरवर ठेवल्या. स्टँडजवळच्या पोरग्याकडून भरून आणलेल्या, वीस रुपये देऊन.

मी म्हटलं, "आजी, आता गरज नाही. लाखापर्यंत कापत नाहीत आता. तुमचं व्याज साडेसदुसष्ट हजारच आहे."

"कोनं सांगतलं?"

"सरकारनं."

आजींनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"तू घेऊन ठेव," त्या म्हणाल्या. "आन् दुसऱ्यावर शिक्का मारून दे."

मी एक प्रत घेतली आणि दुसरीवर तारखेचा शिक्का मारून दिला. आजींनी तो वाळेपर्यंत फुंकर घातली, कागदाची चौघडी केली आणि बटव्यात हयातीच्या दाखल्याच्या पावतीशेजारी ठेवून दिली.